बंगल्याची बाग आणि लॉन: मातीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगल्याभोवती पाचशे ते दोन हजार चौरस फूट जागा असते, बांधकाम संपलेलं असतं आणि घरच्यांना पावसाळ्याआधी बाग हवी असते. बहुतेक जण सगळ्यात आधी लाल मातीची ट्रॉली बोलावतात. आमचं म्हणणं उलटं आहे. आधी खाली काय आहे ते खणून बघा, पाणी कुठे मुरतं आणि कुठे साचतं ते बघा, आणि मग काय विकत आणायचं ते ठरवा. अनेकदा निम्मी खरेदी टळते. खालचे प्रश्न बागेचं काम करून देताना लोक नेहमी विचारतात तेच आहेत. उत्तरं मुख्यतः देशावरच्या बागांसाठी आहेत. कोकण आणि गोव्याचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे.

लाल माती चांगली आणि काळी माती वाईट, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

नाही. हा समज नर्सरीच्या पिशव्यांमुळे पसरला. नर्सरीवाले लाल माती वापरतात कारण ती भरायला सोपी, पाणी पटकन सोडणारी आणि पिशवीत भेगा न पडणारी असते. त्यांना रोप सहा महिने सांभाळून विकायचं असतं. तुम्हाला तेच झाड वीस वर्षं वाढवायचं आहे.

देशावरची काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते, म्हणून मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण हीच चिकणमाती कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धरून ठेवते, आणि पाणीही. शेतकरी तिला काळी आई म्हणतो ते उगीच नाही.

काळ्या मातीची खरी अडचण एकच: पाण्याचा निचरा. पावसाळ्यात मुळांना हवा मिळत नाही आणि झाड उभ्याउभ्या मरतं. लाल मातीची अडचण बरोबर उलटी. तिच्यात अन्न धरून ठेवायची ताकद कमी, सेंद्रिय पदार्थ नावाला, आणि बारीक दळलेली लाल माती दोन-चार वेळा भिजून वाळली की वरून टणक पापडी धरते. म्हणजे निचरा सुधारलेली काळी माती किंवा भरपूर शेणखत घातलेली लाल माती, दोन्ही चालतात. निवड करायचीच असेल तर आम्ही पोयट्याची मध्यम काळी माती घेतो. ओढ्या-नदीकाठच्या मळईत ती मिळते, आणि तिच्यासाठी फारसं काही करावं लागत नाही.

माझ्या प्लॉटवर कोणती माती आहे, घरच्या घरी कसं ओळखू?

दोन पद्धती आहेत, दोन्ही फुकट.

पहिली हाताची. मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठा व बोट यांमध्ये दाबून तिची पट्टी काढा. पट्टी निघतच नसेल तर माती रेताड किंवा मुरमाड. इंचभर निघून तुटली तर मध्यम. दोन इंचांच्या पुढे लांबत गेली तर भारी, म्हणजे चिकणमाती जास्त असलेली.

दुसरी बरणीची. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश चाळलेली माती, वर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घाला. पाच मिनिटं जोरात हलवा आणि हात न लावता ठेवून द्या. पहिल्या मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू. दोनएक तासांत तिच्यावर बसतो तो गाळ. त्यानंतर एक-दोन दिवस हळूहळू बसत राहते ती चिकणमाती. बरणीवर पेनाने खुणा करा. चिकणमातीचा थर एकूण मातीच्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जमीन भारी समजा.

मातीवर लिंबू पिळून किंवा थोडं व्हिनेगर टाकूनही बघा. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे. जुन्या गावठाणातल्या प्लॉटवर, जिला गावात पांढरी म्हणतात त्या मातीवर, हे हमखास दिसतं. ही माहिती पुढे गुलाब आणि मोगरा लावताना उपयोगी पडते.

पाणी मुरतं की नाही, ते कसं कळणार?

एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. लगेच पुन्हा भरा, पट्टी उभी करा आणि तासाभराने पातळी किती उतरली ते पाहा. दुसऱ्यांदा भरल्यावरचाच आकडा धरायचा, कारण पहिल्या वेळी कोरडी माती पाणी ओढून घेते. तासाला एक-दोन इंच उतरलं तर उत्तम. अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर जमिनीच्या पातळीवर बाग करू नका, वाफे उचलून घ्या. चार-पाच इंच उतरत असेल तर खाली मुरूम किंवा भराव आहे आणि उन्हाळ्यात पाणी पुरणार नाही. तिथे खत जास्त लागेल.

बंगल्याच्या चारही बाजूंना वेगवेगळे खड्डे घ्या. पुढच्या अंगणात पाणी मुरतं आणि मागे, सेप्टिक टँकजवळ भराव घातलेल्या जागी, मुरत नाही असं सर्रास असतं.

माती परीक्षण करून घ्यावं का?

पाचशे चौरस फुटांच्या वर बाग असेल तर हो. कृषी विद्यापीठं, कृषी महाविद्यालयं, कृषी विज्ञान केंद्रं आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळांत ते होतं, आणि खर्च मातीच्या एका ट्रॉलीपेक्षा बराच कमी येतो.

नमुना नीट घ्या. जागेत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा आणि बाजूची एक चकती वरपासून आठ-नऊ इंचांपर्यंत खरवडून घ्या. सगळी माती प्लास्टिकच्या बादलीत मिसळून सावलीत वाळवा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं अर्धा किलो उरेपर्यंत करत राहा. खताच्या जुन्या गोणीत नमुना नेऊ नका आणि खत टाकल्यानंतर लगेच नमुना घेऊ नका.

रिपोर्टवर तीन आकडे आधी बघा. सामू, म्हणजे पीएच, ६.५ ते ७.५ असेल तर काहीही लावा. काळ्या मातीत तो बहुधा ७.५ ते ८.५ येतो, घाबरू नका. ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेली, असण्याची शक्यता आहे, तिथे सल्ला घ्याच. विद्युत वाहकता मीटरला १ डेसीसायमनच्या आत हवी. जास्त असेल तर क्षार साचलेत, बहुधा बोअरच्या पाण्याने. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे चांगला. शहरी प्लॉटवर तो क्वचितच चांगला निघतो.

नवा बंगला आहे. बिल्डरने सगळीकडे सपाट करून दिलंय. त्यावर माती टाकून लॉन लावू का?

आधी खणा. पुण्याच्या पश्चिमेला एका रो-हाउसचं लॉन दुसऱ्या पावसाळ्यात पिवळं पडून कुजलं, म्हणून आम्हाला बोलावलं होतं. खुरप्याने गवताचा एक चौकोन उचलला. वर दोन इंच लाल माती. तिच्याखाली करड्या रंगाचा बोटभर जाड थर, सिमेंट कालवायची जागा होती ती. त्याखाली रोलरने दाबलेला मुरूम, विटांचे तुकडे, बाइंडिंग वायर आणि एक अख्खा प्लास्टिकचा टोप. गवताची मुळं दोन इंचांवर येऊन आडवी वळली होती. पावसाचं पाणी त्या करड्या थरावर थांबत होतं. गवताच्या जातीचा किंवा खताचा यात काही संबंध नव्हता, तरी मालकांनी तोवर दोन वेळा युरिया टाकून पाहिला होता.

बांधकामाच्या प्लॉटवर हे नेहमीचं आहे. पाया खणताना वरची सुपीक माती खाली गाडली जाते आणि खालचा मुरूम वर येतो. प्लास्टर आणि सिमेंटच्या चुऱ्याने सामू वाढतो. ट्रक आणि मिक्सरच्या चाकांनी जमीन दगडासारखी बसते. म्हणून क्रम असा ठेवा.

राडारोडा वेचून बाहेर काढा, गाडू नका. सिमेंट कालवलेली जागा शोधून तिथला थर टिकावाने फोडून उचला. मग संपूर्ण जागा पहार-टिकावाने निदान एक फूट सैल करा. हे काम मजूर टाळतात आणि ठेकेदार तर हमखास टाळतो, कारण वरून दिसत नाही. उभं राहून करून घ्या. सैल केलेल्या मुरमावर दोन इंच शेणखत पसरून कालवा आणि मगच वर चांगली माती टाका. सैल न करता वर माती टाकली तर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं, वरच्या त्या लॉनसारखंच.

घाई नसेल तर आणखी एक उपाय आहे. पहिल्या पावसावर ताग पेरा. १०० चौरस फुटांना ५०-६० ग्रॅम बी पुरतं. सहा-सात आठवड्यांनी फुलं येऊ लागली की कापून मातीत गाडा. ताग दीड-दोन महिन्यांत जेवढी माती मोकळी करतो तेवढी पैसे देऊन होत नाही. गणपतीनंतर झाडं लावा. आमच्याकडे शंभरातला एखादाच हे ऐकतो, कारण सगळ्यांना वास्तुशांतीला हिरवंगार हवं असतं.

काळ्या मातीत वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते ना?

थोडी मिसळली तर उलट घट्ट होते. वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमाती भरून काढते आणि वाळल्यावर ती विटेसारखी होते. फरक पडायचा तर निम्म्याहून जास्त वाळू हवी, म्हणजे तुम्ही माती बदलताय. तेवढ्या पैशांत भरपूर शेणखत आणि पालापाचोळा येतो, आणि चिकणमातीचे बारीक कण एकत्र बांधून रवाळ करायचं काम तोच करतो.

मिश्रणासाठी वाळू लागलीच तर जाड आणि धुतलेली घ्या. क्रश सँडमधली, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूतली, बारीक भुकटी फटी बुजवते. चाळून ती काढून टाका.

माती विकत घ्यायची तर किती, आणि बघायचं काय?

मातीचा हिशेब ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. १० फूट बाय २० फूट जागेत सहा इंचांचा थर हवा तर २०० गुणिले अर्धा, बरोबर एक ब्रास. माती पाणी देऊन बसल्यावर साधारण पाचवा हिस्सा खाली जाते, म्हणून सव्वा ब्रास मागवा. ट्रॉली एका ब्रासची आहे हे ड्रायव्हरच्या तोंडी न ठेवता टेपने लांबी, रुंदी, उंची मोजा. उतरवायच्या आधी मोजा.

माती उतरवण्यापूर्वी ढिगाच्या मधली मूठ काढून बघा, वरची नाही. वास मातीसारखा हवा, कुजका नको. ढेकूळ हाताने फुटावं. पांढरे खडे फार असतील तर चुनखडी. काळे-तपकिरी गाठीसारखे, तोडल्यावर उग्र वासाचे कंद दिसले तर तो लव्हाळा, गाडी परत पाठवा. काचा आणि प्लास्टिक दिसलं तर माती कुठल्या तरी बांधकामाच्या खोदाईतली आहे.

धरणाचा गाळही बागेसाठी विकला जातो. राज्य सरकारच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे २०१७ पासून शेतात गाळ टाकणं खूप वाढलं, आणि हलक्या मुरमाड शेतासाठी तो फार चांगला आहे. बागेत मात्र नुसता गाळ टाकू नका. तो अतिबारीक असतो आणि वाळल्यावर फरशी होते. मुरमाड जागेत एक भाग गाळ, दोन भाग स्थानिक माती असा कालवा.

शेणखत किती टाकू? त्यातून हुमणी येते म्हणतात.

नव्या वाफ्याला दोन इंचांचा थर आणि नंतर दरवर्षी एक इंच. १०० चौरस फुटांवर एक इंच म्हणजे सव्वाआठ घनफूट. सिमेंटच्या गोणीएवढं माप साधारण सव्वा घनफुटाचं, म्हणजे सात गोण्या. लोक दोन गोण्या टाकून "खत घातलं" म्हणतात.

हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीची, भीती खरी आहे, पण ती अर्धवट कुजलेल्या शेणाची. चांगलं खत काळपट तपकिरी असतं, शेणाचा वास येत नाही, हातात घेतलं तर गरम लागत नाही आणि काडी ओळखू येत नाही. गोठ्यामागचा वर्षभर जुना ढीग मागा आणि घरी आणल्यावर चाळा. पांढरी, इंग्रजी सी आकाराची, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर वेचून काढा. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे, हा शेतकऱ्यांचा उपाय बागेतही चालतो. लॉनमध्ये हुमणी लागली असेल तर मेटारायझियम बुरशीचं औषध पावसाळ्याच्या सुरुवातीला, ओल असताना मातीत द्या.

वाफा करतानाच १०० चौरस फुटांना एक किलो निंबोळी पेंड मिसळली तर सूत्रकृमी आणि वाळवीलाही आळा बसतो.

कोकोपीट, राख, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, जिप्सम... यातलं काय टाकू?

कोकोपीट कुंडीसाठी चांगलं. जमिनीतल्या वाफ्यात ते महागडं आणि बिनगरजेचं आहे. वापरलंच तर क्षार जाण्यासाठी दोनदा धुवा. राख आणि अंड्याची टरफलं देशावरच्या काळ्या मातीत नकोत, तिच्यात चुना आधीच जास्त आहे. चहाचा चोथा कंपोस्टमध्ये टाका. भाताचं तूस चांगलं, फार काळ टिकतं आणि माती मोकळी ठेवतं. लाकडाचा ताजा भुसा मातीत मिसळू नका. कुजताना तो नत्र खातो आणि झाडं पिवळी पडतात. वर आच्छादन म्हणून चालेल.

जिप्सम फक्त चोपण जमिनीसाठी, तेही परीक्षण करून. मातीत सोडियम जास्त असेल तर जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि मग भरपूर पाणी देऊन सोडियम धुऊन काढता येतो. सोडियमच नसेल तर जिप्सम टाकून माती भुसभुशीत होणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

वाफे किती मोठे आणि किती उंच असावेत?

रुंदी साडेतीन ते चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. मध्ये दीड फुटाची वाट. भारी जमिनीत सहा ते नऊ इंच उचला. मुरमाड जमिनीत उलट थोडे खोलगट ठेवा, पाणी टिकतं. उचललेल्या वाफ्यासाठी दोन भाग तुमचीच वरची माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग तूस. माती भारी नसेल तर तुसाऐवजी जाड वाळू चालेल. तळ सिमेंटने बंद करू नका. असे वाफे बरेच गवंडी करून देतात आणि पहिल्या आषाढात त्यांचं तळं होतं.

खणायचं कधी?

एप्रिल-मेमध्ये खणून ढेकळं तशीच उघडी तापू द्या. तण आणि किडीचे कोष उन्हाने मरतात. शक्य असेल तर जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिकने झाका, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे ठेवा. विदर्भातल्या उन्हात हे अप्रतिम काम करतं.

त्यानंतरचं सगळं काम वाफशावर. मूठभर माती दाबली की लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला की फुटला पाहिजे. हाताला चिकटत असेल तर दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत एकदा मजूर चालले, की ती बसलेली माती पूर्ण हंगामभर मोकळी होत नाही.

लॉनसाठी माती वेगळी लागते का?

लागते, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. लॉनवर माणसं चालतात, मुलं खेळतात, आणि पावसाळ्यात चिखल नको असतो. म्हणून लॉनची वरची चार-सहा इंच माती वाफ्यापेक्षा हलकी हवी. आम्ही दोन भाग मध्यम माती, एक भाग धुतलेली जाड वाळू आणि एक भाग बारीक चाळलेलं शेणखत घेतो. वरच्याच हिशेबाने, ही वाळू काळ्या मातीत नाही, आधीच मध्यम असलेल्या मातीत.

खालची जमीन नऊ इंच ते एक फूट सैल करा. उतार घरापासून बाहेर, शंभर फुटांना एक फूट पुरे. तो दोरी आणि पाणपातळीच्या नळीने बघा, डोळ्यांनी नाही. १०० चौरस फुटांना अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळलं तर मुळं लवकर धरतात. मग माती पसरून भरपूर पाणी द्या, वाळू द्या, जिथे खड्डा पडेल तिथे भरा, पुन्हा पाणी द्या. दोन-तीन वेळा. ही पायरी गाळली की वर्षभराने लॉनवर खळगे दिसतात आणि मशीनने कापताना टेंगळांवरचं गवत मुळासकट निघतं. शेवटी हलका रोलर.

लावायचं जून-जुलैमध्ये. सिलेक्शन वन ही हरळीच्याच कुळातली, कडक उन्हाची आणि लवकर पसरणारी. मेक्सिकन दाट आणि मऊ, पण पसरायला वेळ घेते आणि खाली चिखल अजिबात खपवून घेत नाही. अर्धवट सावलीत पास्पलम. आंब्याच्या दाट सावलीखाली कोणतंही लॉन टिकत नाही. तिथे माती बदलून उपयोग नाही, बाक ठेवा.

लव्हाळ्याचं काय करू?

लाल मातीच्या गाडीतून आलेला हा पाहुणा एकदा बसला की लॉनचा मालक तोच. त्याचे कंद फूटभर खोल असतात आणि प्रत्येक तुकड्यातून नवा कोंब येतो. म्हणून लव्हाळा असलेल्या जागी पॉवर टिलर किंवा रोटाव्हेटर फिरवू नका, एकाचे दहा होतील.

लावणीच्या आधीच उपाय करा. माती पसरून पाणी द्या, दोन-तीन आठवडे थांबा, उगवलेला लव्हाळा कुदळीने कंदासकट काढा. असं तीन फेऱ्या करा. कंटाळवाणं आहे. लॉन लागल्यावर हेच काम दहापट होतं.

पाणी कमी आहे. लॉन करू की नको?

उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं. १००० चौरस फुटांना हे सुमारे ४६० लिटर झालं, रोज. मार्च ते जूनमध्ये टँकर बोलावणाऱ्या सोसायटीत आम्ही सरळ नको म्हणतो. बसण्यापुरता २०० चौरस फुटांचा तुकडा करा आणि बाकी जागेत आच्छादन घातलेले वाफे करा, तिथे पाणी खूपच कमी लागतं.

आम्ही कोकणात आहोत, जांभ्याची जमीन आहे. हे सगळं लागू होतं का?

अर्धंच. तुमच्याकडे निचऱ्याची चिंता नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस अन्न धुऊन नेतो, ही चिंता आहे. माती आम्लधर्मी, सामू पाच ते साडेसहा, वर सहा इंच आणि खाली कातळ. गोव्यातही बऱ्याच ठिकाणी हेच. इथे चुलीची राख आणि शिंपल्यांचा चुना उपयोगी पडतो, पण दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या केंद्रात माती तपासूनच प्रमाण ठरवा. सगळं खत एकदम जूनमध्ये टाकू नका, आषाढात ते व्हाळात जातं. निम्मं पावसाआधी, निम्मं नवरात्राच्या सुमारास. नारळाच्या सोडणांचा थर खोलगट बाजू वर करून वाफ्याच्या तळाशी घालायची जुनी पद्धत अगदी योग्य आहे, ओल धरून राहते. शेणखतात बोटाएवढी जाड अळी दिसली तर ती गेंड्या भुंग्याची असू शकते. नारळ असतील तर तिला सोडू नका.

गुलाब आणि जास्वंदीची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. खत कमी पडलं का?

लोह कमी पडलंय. मातीत ते आहे, पण चुनखडी आणि जास्त सामूमुळे झाडाला घेता येत नाही. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर तेही अडकून बसतं. ते आधी शेणखतात आठवडाभर मुरवून द्या, किंवा एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबूरस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. विकतचं चिलेटेड लोह घ्यायचं असेल तर चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए प्रकारचं घ्या. ईडीटीए स्वस्त असतं, पण या मातीत ते टिकत नाही. आणि पाणी कमी करून बघा. सतत चिखलात असलेल्या झाडाचंही असंच होतं.

भिंतीलगतच वाफा केला तर चालेल?

काळ्या मातीवरच्या घराला नको. माती फुगते-आक्रसते तसा पाया हलतो आणि भिंतीला तिरप्या भेगा जातात. भिंतीपासून अडीच-तीन फूट मुरमाची किंवा फरशीची पट्टी ठेवा आणि माती जोत्याच्या वर कधीही चढवू नका, ओल भिंतीत शिरते.

उरलेली माती गच्चीवर चढवू का?

नका. ओली माती एक फूट जाडीला चौरस मीटरमागे सुमारे ५०० किलो भरते. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चालता भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, आहे चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास. गच्चीवर हलकं मिश्रण आणि पालापाचोळा, तोही इंजिनिअरला विचारून.

गांडुळं विकत आणून सोडू का? जीवामृत द्यायचं का?

विकतची गांडुळं कुजणाऱ्या कचऱ्यात राहणारी असतात, उघड्या मातीत ती टिकत नाहीत. ओल आणि पालापाचोळा ठेवा, मातीतली गांडुळं स्वतः येतील. जीवामृताचं, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेल्या द्रावणाचं, प्रमाण एकराला २०० लिटर आहे. ५०० चौरस फुटांना सव्वादोन-अडीच लिटर पुरे, पाण्यात मिसळून, ओल्या मातीवर. पण तळाशी सेंद्रिय पदार्थच नसेल तर जीवामृताने काही होणार नाही.

वाफा वर्षभरात चार इंच खाली बसला. माती चोरीला गेली का?

खत कुजलं, माती बसली, बस इतकंच. खणून उलथू नका, झाडांची मुळं तुटतात. वर एक इंच शेणखत पसरा, त्यावर दोन-तीन इंच वाळका पाला घाला, खोडापासून चार बोटं लांब. मे महिन्यात केलंत तर पहिल्या पावसातच गांडुळं ते खाली ओढायला लागतील.